‘डॉक्टरच का?’ हा प्रश्न मनापासून विचारणारी समुपदेशन सेवा : एक परीक्षण

आरोग्यक्षेत्रातच काम करायचे हे मनाशी पक्के आहे, परंतु डॉक्टर व्हावे की परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट किंवा आणखी कोणी, हे ठरत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका समुपदेशन सेवेचा लाभ माझ्या मुलीने अलीकडेच घेतला. पालक म्हणून त्यातील काही बैठकांना मीही उपस्थित होते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग पुष्कळ असतात आणि प्रवेश कसा मिळवावा हे ते उत्तम शिकवतात. पण तो मिळवावाच का, हा प्रश्न तेथे कोणी काढत नाही, कारण वर्गात येणाऱ्याने तो आधीच सोडवला आहे असे गृहीत धरलेले असते. ही सेवा नेमका तोच प्रश्न हाती घेते. तिच्या काही भागांबद्दल माझ्या मनात खरा आदर निर्माण झाला आणि काही भाग अगदीच तोकडे वाटले, म्हणून दोन्हींविषयी सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात एका अभिरुची चाचणीने होते आणि ती या सेवेची सर्वांत कमकुवत बाजू आहे. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ही चाचणी आधारलेली असून माणसाचा कल सहा प्रकारांत मांडून त्याला साजेसे व्यवसाय ती सुचवते. माझ्या मुलीचा कल ‘शोधक’ आणि ‘सामाजिक’ असा निघाला. अडचण अशी, की हे दोन शब्द डॉक्टरला जितके लागू पडतात तितकेच ते परिचारिकेला, फिजिओथेरपिस्टला आणि मानसोपचार क्षेत्रातल्या समुपदेशकालाही लागू पडतात. अभियांत्रिकी की वैद्यक, हे ठरवताना अशी चाचणी थोडीफार मदत करीलही. पण ज्याचे आरोग्यक्षेत्र ठरलेले आहे, त्याला ती जिथे उभा आहे तिथेच सोडून देते. चाचणीचा छापील अहवाल देखणा असतो, त्यामुळे काही पालक त्यालाच निर्णय समजून बसतात, हे मला चिंतेचे वाटले.

खरे काम दुसऱ्या बैठकीत सुरू होते. एका निवृत्त फिजिशियनसमोर विद्यार्थ्याने ‘मला डॉक्टर का व्हायचे आहे’ याची कारणे स्वतःच्या हाताने लिहून द्यायची असतात. माझ्या मुलीने लिहिले होते, की लोकांची सेवा करायची आहे, जीवशास्त्र मनापासून आवडते, समाजात मान मिळतो, आणि हे काम कधी निरर्थक वाटणार नाही. सरांनी एकही कारण खोडले नाही. त्यांनी प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न विचारला: ‘हे कारण नर्सिंग निवडणाऱ्या मुलीने लिहिले असते, तर त्यातला कोणता शब्द तिला बदलावा लागला असता?’ सेवेच्या बाबतीत एकही शब्द बदलावा लागला नसता, हे तिला लगेच दिसले. शरीरशास्त्राची गोडी फिजिओथेरपिस्टलाही असतेच, किंबहुना स्नायू आणि सांध्यांच्या हालचालीचे त्यांचे ज्ञान अनेक डॉक्टरांहून बारीक असते. औषधे शरीरात जाऊन नेमके काय करतात याचे कुतूहल असेल, तर फार्मासिस्ट त्याच कुतूहलावर आयुष्य घालवतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसोबत एखादे प्रतिजैविक लिहिले गेले आणि त्यातून रक्तस्रावाचा धोका वाढणार असेल, तर तो धोका अनेकदा फार्मासिस्टच्याच लक्षात येतो. राहता राहिला मान. त्याबद्दल सर एवढेच म्हणाले, की ते कारण खरे असेल तर लपवू नकोस, पण रात्री तीन वाजता ते उपयोगी पडेल का याचा विचार कर.

या बैठकीनंतर मुलगी बराच वेळ गप्प होती आणि आपली कारणे खोटी ठरली, असे तिला वाटत होते. ती खोटी नव्हती; फक्त ती सगळी कारणे आरोग्यक्षेत्रात येण्याची होती, डॉक्टर होण्याची नव्हती. हा फरक एवढ्या स्पष्टपणे तिला यापूर्वी कोणी दाखवून दिलेला नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही तो असा वेगळा करून पाहता आला नव्हता. डॉक्टर होण्याकडे आपण सगळेच आरोग्यसेवेचे सर्वांत वरचे पद म्हणून पाहतो, आणि त्यामुळे ज्याला गुण मिळतात त्याने डॉक्टर व्हावे व ज्याला कमी पडतात त्याने बाकीचे काही करावे, अशी एक उतरंड मनात तयार झालेली असते. ही सेवा ती उतरंड शांतपणे बाजूला सारते, आणि माझ्या मते तिची सर्वांत मोलाची कामगिरी हीच आहे.

तिसरी बैठक एका ज्येष्ठ परिचारिकेसोबत होती. संपूर्ण सेवेतला सर्वांत भरीव भाग कोणता असे विचारले, तर मी याच बैठकीचे नाव घेईन. वॉर्डातला एक दिवस त्या सिस्टरांनी तासातासाने उलगडून सांगितला. डॉक्टर राउंडला येतात, काही मिनिटे थांबतात, केसपेपरवर सूचना लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. परिचारिका मात्र त्याच रुग्णाजवळ ड्युटी संपेपर्यंत असते. रुग्णाची प्रकृती ढासळू लागली की अनेकदा रक्तदाब घसरण्याच्या कितीतरी आधी श्वासाची गती वाढलेली असते, आणि ती मोजणारी, त्यातला बदल ओळखणारी आणि डॉक्टरांना बोलावून घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा परिचारिका असते. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी तिच्याकडे किती अधिकार असतो, हेही त्यांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी-सूची आणली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन टप्प्यांवर ती मोठ्याने वाचली जाते. ही सूची चालवण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेकडे असते आणि एखादा मुद्दा पुरा झाला नसेल, तर पुढे जाऊ नका असे तिने नामवंत सर्जनलाही सांगायचे असते.

मग त्यांनी माझ्या मुलीला थेट विचारले, की रुग्णाचा विचार मनात येतो तेव्हा तू स्वतःला कोठे पाहतेस: त्याच्या उशाशी बसलेली, की त्याला काय झाले आहे याचा छडा लावताना? उशाशी बसायचे असेल तर डॉक्टर होऊन तुझी निराशा होईल, कारण तो वेळ डॉक्टरच्या वाट्याला फार थोडा येतो, असे त्या म्हणाल्या. या वाक्यात तक्रार नव्हती आणि स्वतःच्या व्यवसायाची जाहिरातही नव्हती. ज्या बाईंनी आयुष्य या कामात घालवले, त्यांनी एका अनोळखी मुलीला दिलेले ते अतिशय जबाबदार उत्तर होते. इतर कोणत्याही कारणासाठी नाही, तरी या एका बैठकीसाठी ही सेवा घ्यावी, असे मी ओळखीच्या पालकांना सांगत आले आहे.

छडा लावणे म्हणजे काय, हे चौथ्या बैठकीत कळते. येथे पुन्हा फिजिशियन सर होते. त्यांनी एका काल्पनिक रुग्णाची कथा तुकड्यातुकड्याने सांगायला घेतली. चाळीस वर्षांची एक स्त्री धाप लागते म्हणून आली आहे. दमा असेल, हृदय कमकुवत झाले असेल, रक्त कमी असेल, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, किंवा तीव्र चिंतेचा झटकाही असेल. पुढे काय विचारशील? धाप एकाएकी लागली की हळूहळू वाढत गेली, आडवे पडल्यावर वाढते का, एका पायाला सूज आहे का, अलीकडे लांबचा प्रवास किंवा शस्त्रक्रिया झाली होती का? प्रत्येक उत्तराबरोबर एखादी शक्यता मागे पडत होती आणि दुसरी पुढे सरकत होती. तपासणीयंत्रांआधी रुग्णाची हकीकत किती महत्त्वाची असते हे पटवण्यासाठी सरांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाचा दाखला दिला. त्यात बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांचे अखेरचे निदान आणि केवळ रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरांचे पत्र वाचून व हकीकत ऐकून केलेले निदान एकच निघाले होते.

परंतु या बैठकीचा खरा गाभा शेवटच्या काही मिनिटांत होता. माहिती अजून अपुरी असतानाच सरांनी हकीकत थांबवली आणि म्हणाले, ‘आता ठरव. गुठळी धरून रक्त पातळ करणारे औषध सुरू करायचे, की तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायचे? थांबलीस आणि गुठळी असली, तर ती दगावू शकते. औषध दिलेस आणि पोटात व्रण असला, तर रक्तस्राव होऊ शकतो.’ मुलीने उत्तर दिले, त्यामागचे कारण सांगितले, आणि सरांनी ते बरोबर की चूक हे सांगितलेच नाही. ते म्हणाले, की डॉक्टर आणि आरोग्यक्षेत्रातले इतर व्यावसायिक यांच्यात ज्ञानाचा किंवा करुणेचा फरक शोधू नकोस, कारण तो तेथे नाही. फरक या क्षणात आहे. सगळ्यांची निरीक्षणे एकत्र येतात, तरीही चित्र अपुरे राहते, आणि त्या अपुऱ्या चित्रावर कोणीतरी निर्णय घेऊन त्याखाली सही करायची असते. तो निर्णय चुकला तर तो आपला होता असे म्हणावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच निर्णय घ्यावा लागतो. ज्याला या क्षणाची ओढ वाटते, भीती वाटत असूनही ओढ वाटते, त्याने डॉक्टर व्हावे.

मला हे म्हणणे पूर्णपणे पटले. घरी आल्यावरही मुलगी त्या काल्पनिक स्त्रीबद्दलच बोलत राहिली. आणखी काय विचारायला हवे होते, कोणती शक्यता आपल्या मनातच आली नाही, याचा ती शोध घेत होती. त्याच गटातील दुसऱ्या एका विद्यार्थ्याला हीच बैठक अत्यंत अस्वस्थ करून गेली. फिजिओथेरपिस्टसोबतच्या बैठकीत पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाची हकीकत ऐकताना मात्र त्याचे डोळे चमकले होते. एकाच रुग्णासोबत आठवड्यांमागून आठवडे काम करून त्याला पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे करणे, हे त्याला हवे होते. डॉक्टर व्हायचे म्हणून आलेला तो मुलगा फिजिओथेरपीचा विचार करत परत गेला आणि समुपदेशकांनी त्याला एका शब्दानेही अडवले नाही. समुपदेशनाच्या नावाखाली ठरलेल्या दिशेने ढकलणाऱ्या सेवा असतात. ही त्यातली नाही.

निर्णयाच्या अधिकाराचा मुद्दा समजावताना सरांनी सिसिली साँडर्स यांचे उदाहरण दिले, आणि त्याहून समर्पक उदाहरण मला तरी सुचत नाही. १९१८ साली जन्मलेल्या साँडर्स आधी परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. मरणासन्न रुग्णांच्या वेदना त्यांनी या दोन्ही भूमिकांतून पाहिल्या होत्या. लंडनमधील एका शुश्रूषागृहात त्या स्वयंसेविका म्हणून जात असत. तेथे वेदना असह्य होण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरावीक वेळाने दिले जात असे आणि रुग्ण शांत व जागरूक राहत, हे त्यांनी तेथे पाहिले. या रुग्णांसाठीच आयुष्यभर काम करावे असे त्यांच्या मनात होते, परंतु ज्या सर्जनसोबत त्या काम करत त्यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षण घेण्याचा सल्ला दिला; मरणासन्न माणसाकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच, आणि डॉक्टर झाल्याशिवाय ते तुमचे ऐकणार नाहीत, असा त्याचा आशय होता. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, उघडले. आधुनिक वेदनाशामक शुश्रूषेचा पाया तेथे घातला गेला.

साँडर्स यांच्यात करुणा डॉक्टर झाल्यावर आली नाही, आणि रुग्णाला समजून घेण्याची दृष्टीही नाही. ती त्यांना नर्सिंगने आणि समाजसेवेने दिली होती. वैद्यकीय पदवीने त्यांना उपचाराची पद्धत बदलण्याचा, तिच्यावर संशोधन करण्याचा आणि इतर डॉक्टरांना त्यांच्याच भाषेत ती पटवून देण्याचा अधिकार दिला. डॉक्टरांनी परिचारिकेचे आधीच ऐकले असते तर हा वळसा घ्यावा लागला नसता, हेही तितकेच खरे आहे, आणि सरांनी ते स्वतःहून मान्य केले याचे मला विशेष वाटले.

आता उणिवा. सेवेसोबत जी पुस्तिका दिली जाते, तीत औषध लिहून देण्याचा अधिकार केवळ डॉक्टरला असतो असे ठामपणे म्हटले आहे. हे विधान बऱ्याच देशांपुरते आज खरे राहिलेले नाही. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने प्रगत परिचारिकांसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा अभ्यासक्रम सुरू केला, त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात ‘फिजिशियन असिस्टंट’ हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तेव्हापासून अनेक ठिकाणी हे व्यावसायिक रुग्ण तपासतात, निदान करतात आणि औषधेही लिहितात. काही देशांत प्रशिक्षित फार्मासिस्टलाही तो अधिकार आहे. ‘मला औषधे लिहून द्यायची आहेत’ हे डॉक्टर होण्याचे कारण म्हणून त्यामुळे पुरेसे उरत नाही. सरांनी बैठकीत मांडलेला निर्णयाच्या जबाबदारीचा मुद्दा या सरमिसळीतही टिकतो, पण पुस्तिका त्याच्याशी विसंगत बोलते आणि ती नव्याने लिहून घेण्याची नितांत गरज आहे.

फार्मासिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि रेडिओग्राफर यांच्यासोबत एकही बैठक नाही. त्यांची माहिती पुस्तिकेतच उरकलेली आहे. ज्या सेवेचा सगळा भर प्रत्यक्ष माणसांशी बोलण्यावर आहे, तिने हे व्यवसाय कागदावर सोडावेत हे मला अन्यायाचे वाटले.

पालकांसाठीची बैठकही अपुरी होती. बहुतेक देशांत वैद्यकीय पदवीला चार ते सहा वर्षे आणि त्यानंतर विशेषज्ञ होण्यासाठी आणखी तीन ते सात वर्षे लागतात, तर नर्सिंगची पदवी साधारण तीन ते चार वर्षांत होते, हे तक्त्यात मांडून दाखवले गेले. या वर्षांत काय असते, ते मात्र कोणी सांगितले नाही. सलग रात्रपाळ्या, मित्र कमवायला लागलेले असताना आपण अजून परीक्षाच देत असल्याची भावना, आपल्या देखरेखीखालचा पहिला रुग्ण दगावतो तो दिवस, आणि त्यानंतर स्वतःला सावरण्यासाठी कोणाकडे जायचे असते, या गोष्टी पालकांनी ऐकायला हव्यात, कारण त्या वेळी फोन घरीच येणार असतो. प्रशिक्षण घेत असलेल्या एखाद्या तरुण डॉक्टरला या बैठकीला बोलावले तरी ही त्रुटी बरीच भरून निघेल. वैद्यकात पुढे शाखा निवडण्याची मोठी मुभा असते, रुग्णांशी फारसा संबंध न येणारी पॅथॉलॉजी किंवा सार्वजनिक आरोग्य हीसुद्धा डॉक्टरचीच कामे असतात, हा मुद्दा तेथे ओझरता आला. तो खरा असला तरी मूळ निर्णयाचा आधार होऊ नये, असे मला वाटते.

शेवटचा टप्पा सराव मुलाखतीचा असतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला विकसित केलेली, अनेक छोट्या टप्प्यांची मुलाखतपद्धती आता बऱ्याच देशांत वैद्यकीय प्रवेशासाठी वापरली जाते, आणि सराव त्याच धर्तीवर घेतला जातो. एका टप्प्यावर संतापलेल्या नातेवाइकाची भूमिका करणारी व्यक्ती समोर असते, दुसऱ्यावर नैतिक पेच दिलेला असतो, आणि एका टप्प्यावर थेट विचारतात, ‘तुम्ही परिचारिका का होत नाही?’ माझ्या मुलीने पहिल्या फेरीत दिलेल्या उत्तरात ‘मला केवळ सूचना पाळायच्या नाहीत’ असे वाक्य होते. परीक्षकांमध्ये त्याच सिस्टर होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, की परिचारिका केवळ सूचना पाळते असे तुला आमच्या बैठकीत कधी वाटले? दुसऱ्या फेरीत मुलगी म्हणाली, की परिचारिकेचे निरीक्षण, फार्मासिस्टची सूचना आणि प्रयोगशाळेचा अहवाल समोर असूनही जेथे खात्री नसते, तेथे निदानाची आणि निर्णयाची जबाबदारी घ्यायला मला आवडेल, आणि त्यासाठी लागणारी वर्षे द्यायची माझी तयारी आहे. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाला कमी न लेखता दिलेले ते उत्तर होते, आणि ते पाठ केलेले नव्हते.

सेवेचे शुल्क कमी नाही, आणि गटात बसल्यास ते बरेच उतरते. माझ्या मते गटच निवडावा, कारण दुसऱ्या विद्यार्थ्याला तीच बैठक वेगळी का भावली हे पाहण्यातून आपल्या मुलाला स्वतःबद्दल अधिक कळते. डॉक्टर होण्याचे ज्याचे कारण आधीच स्वच्छ आहे, त्याने फक्त सराव मुलाखत घेतली तरी चालेल. ज्याचे कारण ‘मला लोकांची मदत करायची आहे’ एवढ्यावर थांबते, त्याने मात्र अभिरुची चाचणी वगळून सगळ्या बैठका घ्याव्यात. चाचणी वगळता येते, पण ते आपणहून सांगितले जात नाही, विचारावे लागते. परिचारिकेसोबतची बैठक नावनोंदणीच्या वेळीच निश्चित करून घ्यावी, कारण तिच्या जागा सर्वांत आधी भरतात, आणि सराव मुलाखतीचे ध्वनिमुद्रण त्याच दिवशी मागून घ्यावे.